आधी मुक्काम, मग ठिकाणे: मुलांसह किन्नौर-स्पितीच्या प्रवासाची आखणी

हिमाचल प्रदेशातल्या स्पितीच्या खोऱ्यात मोटारीने शिरायचे दोन रस्ते आहेत. एक मनालीहून निघतो, अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरतो आणि ग्राम्फू, बातल करत साडेचार हजार मीटरवरच्या कुंझुम खिंडीतून काझ्याला, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावी, पोहोचतो. दुसरा सिमल्याहून सतलजच्या काठाकाठाने किन्नौर ओलांडतो आणि खाब येथे, जिथे स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून स्पितीच्या अंगाने वर सरकतो. पहिला मनालीपासून सुमारे २०० किलोमीटरांचा, तर दुसरा सिमल्यापासून मोजला तरी ४०० किलोमीटरांहून अधिक. पुण्याहून निघणाऱ्या आणि रजेचे हिशेब करणाऱ्या कुटुंबाला पहिला रस्ता सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. आम्ही ज्या प्रवासी कंपनीकडे प्रथम चौकशी केली तिने पाठवलेला आराखडाही त्याच रस्त्याचा होता: पहिली रात्र मनाली, दुसरी रात्र चंद्रताल या तळ्याजवळ. मनाली दोन हजार मीटरच्या थोडी वर आहे आणि चंद्रतालजवळचे तंबू सव्वाचार हजारांच्या आसपास लागतात. म्हणजे एका दिवसात, तेही गाडीत बसल्या बसल्या, दोन हजार मीटरांची उडी. आमची थोरली बारा वर्षांची आणि धाकटा दहाचा. तो कागद मी बाजूला ठेवला आणि आखणी आपणच करायची असे आम्ही दोघांनी ठरवले.

त्याआधी तारखांचा प्रश्न सोडवणे भाग होते. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे हाती उरतो तो मे महिना आणि जूनचा पहिला आठवडा. कुंझुम खिंड हिवाळाभर बर्फाखाली असते आणि मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी उघडते. ती नेमकी कधी उघडेल हे त्या वर्षीच्या बर्फावर ठरते. किन्नौरकडचा रस्ता मात्र अधूनमधून बंद पडला तरी एरवी वर्षभर चालू असतो. एका नातेवाइकांनी ऑगस्टमधल्या जोडून येणाऱ्या सुट्ट्यांचा पर्याय सुचवला होता. त्यांना मी २०२१ ची आठवण करून दिली. त्या वर्षी २५ जुलैला किन्नौरच्या सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून आलेल्या दगडांखाली पर्यटकांची गाडी सापडली आणि अवघ्या काही दिवसांनी, ११ ऑगस्टला, निगुलसरी येथे दरड कोसळून एस.टी.सारखी सरकारी बस गाडली गेली. स्पितीत पाऊस फारसा पडत नाही हे खरे असले, तरी स्पितीत पोहोचायचे ते पावसाच्या प्रदेशातूनच. त्यामुळे मेचा उत्तरार्ध, किन्नौरच्या बाजूने जाणे आणि त्याच वाटेने परतणे एवढे निश्चित झाले. किन्नौरमार्गे जाऊन मनालीमार्गे परतण्याचे वर्तुळ पूर्ण करण्याचा मोह आम्ही आरंभीच सोडला, कारण खिंड उघडण्याच्या आशेवर विमानाची परतीची तिकिटे काढता येत नाहीत.

आखणीला खरे वळण लागले ते आमच्या बालरोगतज्ज्ञांशी झालेल्या बोलण्यातून. तुम्ही दिवसा कुठवर चढता यापेक्षा रात्री कुठे झोपता हे अधिक महत्त्वाचे, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेमुळे उंचीचा त्रास संभवतो. तीन हजारांच्या पुढे झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांतून एकदा त्याच उंचीवर आणखी एक रात्र काढावी, हा सर्वसाधारण नियम आहे. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स या गोळीविषयी आम्ही विचारले. मुलांची मात्रा वजनावरून ठरते आणि ती गोळी उठसूट द्यायची नसते, असे सांगून त्यांनी त्यासंबंधीच्या सूचना स्वतंत्रपणे लिहून दिल्या. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर त्या दिवशी वर जायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली तर वाट न पाहता खाली उतरायचे. हे दोन नियम मात्र त्यांनी मुलांना समोर बसवून त्यांच्याकडून वदवून घेतले.

घरी आल्यावर थोरलीने आलेखाचा कागद काढला. आडव्या अक्षावर मुक्काम, उभ्या अक्षावर उंची. नारकंडा सुमारे २,७०० मीटर, सांगलाही तेवढ्याच उंचीवर, कल्पा २,९५० च्या आसपास, नाको साधारण ३,६५०, ताबो ३,३०० च्या जवळ, काझा ३,७०० च्या आसपास. पेन्सिलीने ठिपके जोडल्यावर नारकंडा ते कल्पा ही रेघ जवळजवळ सपाट राहिली आणि कल्प्याहून नाकोला ती एकदम उभी झाली. त्या क्षणापासून आमच्या घरात ठिकाणांची यादी मागे पडली आणि रात्रींची यादी पुढे आली. ‘काय बघायचं’ हा प्रश्न ‘कुठे झोपायचं’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरच विचारायचा, असा दंडक पडला.

उंचीइतकाच दुसरा प्रश्न होता गाडी लागण्याचा. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वाधिक असतो असे म्हणतात आणि आमच्या धाकट्याने ते खंडाळ्यापासून सिद्ध केलेले आहे. मार्चमध्ये आम्ही एक रंगीत तालीम केली. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे आणि महाड-माणगावहून ताम्हिणीने पुण्याला परत. त्यातून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. मागच्या सीटवर मान खाली घालून मोबाईल किंवा पुस्तक पाहणारा मुलगा पंधरा-वीस मिनिटांत पांढराफटक पडतो. तोच मधल्या ओळीत खिडकीशी बसून लांबवर पाहत राहिला तर संपूर्ण घाट पार करतो. उपाशीपोटी त्रास वाढतो आणि मिसळीनंतर त्याहून वाढतो. आलेपाक आणि आवळा सुपारी यांवर सासूबाईंचा गाढ विश्वास आहे. औषध म्हणून त्यांचा किती उपयोग होतो ते मी सांगू शकणार नाही, परंतु मुलाच्या तोंडात काहीतरी असले की तो ‘आता होणार, आता होणार’ असे म्हणत बसत नाही, एवढे मात्र पाहिले. गाडीत मोबाईलचा पडदा नाही, फक्त कान, हा नियम तालमीनंतर झाला. त्यामुळे ऐकायच्या गोष्टी घरूनच उतरवून घेतल्या; बाकी भेंड्या होत्याच.

या तालमीवरून आम्ही असे ठरवले की दिवसात चाके फिरण्याचे तास सहाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत आणि दर दीड तासाला दहा मिनिटे खाली उतरायचे. मोबाईलमधला नकाशा डोंगरात जी वेळ दाखवतो तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. किन्नौरच्या पुढे ताशी पंचवीस किलोमीटर हा हिशेब धरला तर तो बहुतेक वेळा बरोबर येतो. चंदीगड ते नारकंडा सुमारे १८० किलोमीटर, त्यातला बराचसा रस्ता रुंद, त्यामुळे सहा तासांत बसते. नारकंड्याहून रामपूर, कडछम करत सांगलाही जेमतेम बसते. सांगला ते कल्पा तर अर्ध्या दिवसाचे काम.

आणि मग कल्प्याच्या पुढे आमचे दोन्ही नियम एकमेकांवर आदळले. कल्पा ते नाको शंभरेक किलोमीटर, म्हणजे तासांच्या दृष्टीने आदर्श. पण तिथे झोपायचे म्हटले तर एका रात्रीत सातशे मीटरांची वाढ. कल्पा ते ताबो ही वाढ साडेतीनशे मीटरांची, डॉक्टरांच्या मर्यादेत अगदी आरामात बसणारी. पण अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आणि वाटेत मलिंग नाल्याचा कुप्रसिद्ध दरडीचा टप्पा, म्हणजे गाडीत सात-आठ तास. या एका दिवसावर आमचे जितके बोलणे झाले तितके उरलेल्या सगळ्या प्रवासावर मिळून झाले नसेल. नवऱ्याचे म्हणणे, मुले थकली की सगळेच बिघडते, नाकोलाच थांबू. माझे म्हणणे, गाडी लागण्याचा त्रास गाडी थांबली की थांबतो, उंचीचा त्रास मात्र गाडी थांबल्यावर, रात्री झोपेत वाढतो. तेव्हा दोहोंपैकी एक नियम मोडायचाच असेल तर तासांचा मोडावा. अखेरीस चंदीगडहून ज्यांची गाडी ठरवली होती त्या चालकांना फोन केला. ते रामपूरकडचे, हा रस्ता अंगवळणी पडलेले. त्यांनी ना माझी बाजू घेतली ना यांची. सकाळी सहाला निघा, नाकोला जेवा, तळ्याकाठी दोन तास मुलांना मोकळे सोडा आणि उजेडात ताबोला पोहोचा, असे त्यांनी सांगितले. दिवसा साडेतीन हजारांच्या वर दोन तास आणि झोपायला त्याहून खाली. आलेखाच्या कागदावर थोरलीने नाकोचा ठिपका खोडून तिथे फक्त एक टोकदार शिखर काढले, रात्र नसलेले.

लवकर निघण्याचे आणखी एक कारण त्यांच्याकडूनच कळले. ऊन चढू लागले की वरचे बर्फ वितळते आणि रस्ता ओलांडणारे नाले दुपारनंतर फुगतात. सकाळी ज्या नाल्यात चाक अर्धे बुडते तो दुपारी गाडी अडवू शकतो. डोंगरावरून सुटे दगड येण्याचे प्रकारही वारा सुटल्यावर वाढतात. मुलांना सुट्टीत पहाटे उठवणे हे खरे तर आखणीतले सर्वांत अवघड कलम, परंतु कारण पटल्यावर त्यांनी फारशी खळखळ केली नाही.

गाडी ठरवताना आम्ही भाड्याइतकीच चौकशी सीटबेल्टची केली. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाचे आसन असलेच पाहिजे, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे आणि न पाळल्यास हजार रुपये दंड आहे. पण भाड्याच्या अनेक गाड्यांत मागचे पट्टे सीटच्या खोळीखाली दडपलेले असतात. आम्ही मधल्या ओळीचा फोटो मागवला, पट्टे वर काढलेले पाहिले आणि मगच आगाऊ रक्कम दिली. स्टेपनी कोणत्या अवस्थेत आहे हेही विचारले. पेट्रोलपंप, रोकड आणि मोबाईलची रेंज यांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही: कल्प्याखालच्या रिकाँग पिओजवळ टाकी भरायची, मग थेट काझ्याला, काझ्यातल्या एटीएमवर भिस्त ठेवायची नाही, नकाशे आधीच उतरवून घ्यायचे.

मुलांना आखणीत सामील करून घ्या, असे सगळेच सांगतात. माझा अनुभव असा की दहा-बारा वर्षांच्या मुलांना लुटुपुटुचा निर्णय लगेच ओळखता येतो. ‘निळी टोपी घ्यायची की लाल’ असे विचारले की ती खांदे उडवतात. म्हणून आम्ही त्यांना खरे निर्णय दिले, आणि त्यांतले काही आमच्या गैरसोयीचेही ठरले. धाकट्याचा जीव चंद्रतालवर जडला होता. निळ्या तळ्याचा फोटो त्याने कपाटावर चिकटवला होता. ते का गळले हे त्याला आलेखावर दाखवले. खिंड बंद असू शकते, तिथे दवाखाना नाही, आणि रात्र सव्वाचार हजारांवर. तो दोन दिवस धुसफुसला. मग त्याला सांगितले की काझ्याचा एक पूर्ण दिवस तुझा, कुठे जायचे ते तू ठरव. त्याने लांगझा आणि हिक्किम निवडले. लांगझा सुमारे ४,४०० मीटरवर आहे आणि त्याच्या आसपासच्या खडकांत शंखांसारखे अमोनाइटचे जीवाश्म सापडतात, कारण हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता. हे जीवाश्म उचलून आणायचे नाहीत, गावात कोणी विकायला आणले तरी विकत घ्यायचे नाहीत, हे आधीच बोलून ठेवले. हिक्किमला १९८३ पासून टपाल कार्यालय आहे. तिथून पाठवायच्या पोस्टकार्डांसाठी त्याने वर्गमित्रांचे पत्ते गोळा करायला घेतले, तेव्हा त्यांतल्या निम्म्या मुलांना आपला पिनकोड ठाऊक नसल्याचे निष्पन्न झाले.

काझ्याच्या वरची ही गावे पहिल्या दिवशी घ्यायची नाहीत, दुसऱ्या रात्रीनंतरच घ्यायची, असे ठरवून तिथे एक रात्र जादा धरली आणि तिला कोणतेही काम दिले नाही. या रिकाम्या दिवसावर घरच्या मंडळींनी टीका केली. इतक्या दूर जाऊन एक दिवस नुसता बसून काढायचा? मी तो शेवटपर्यंत सोडला नाही. काझ्याहून ‘खाली उतरणे’ म्हणजे काय हेही नकाशावर नीट पाहून ठेवले होते, कारण तिथून उतार सरळ नाही: ताबो, सुमदोपर्यंत रस्ता उतरतो, पुन्हा नाकोपर्यंत चढतो आणि त्यानंतरच सतलजकडे खरा खाली येतो. काझ्यात सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, मोठे रुग्णालय मात्र रिकाँग पिओला. ही माहिती कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवली होती.

एका विषयाचा उल्लेख प्रवासवर्णनांत सहसा आढळत नाही. थोरलीला अजून पाळी आलेली नव्हती, पण या वयात ती कधीही येऊ शकते, आणि किन्नौर-स्पितीच्या रस्त्यावर तासन् तास धड स्वच्छतागृह दिसत नाही. म्हणून तिच्या पाठीवरच्या पिशवीत एक छोटी वेगळी पिशवी दिली: पॅड, जादा कपडे, कागदी पाकिटे, ओले रुमाल. काय करायचे, कुणाला सांगायचे आणि गाडी थांबवायची असेल तर कारण सांगण्याची गरज नाही, हे तिच्याशी शांतपणे बोलून घेतले. स्पितीतल्या घरांत अजूनही पारंपरिक कोरडी शौचालये असतात. त्यांत पाणी ओतायचे नसते, माती किंवा राख टाकायची असते आणि त्याचे पुढे शेतात खत होते. हेही दोघांना निघण्याआधीच समजावले, नाहीतर पहिल्या सकाळी नाके मुरडली गेली असती आणि यजमानांना वाईट वाटले असते.

खाण्याचे सामान मर्यादित नेले. भडंग, दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या आणि मेतकुटाची एक बरणी. उंचीवर भूक मंदावते आणि घरच्या वासाचे काही असले की मुले चार घास तरी खातात, असा त्यामागचा विचार. चार हजार मीटरच्या आसपास पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळते, त्यामुळे तिथला भात कुकरशिवाय शिजत नाही. तिथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात कुकर असतोच, तेव्हा मऊ भात आणि मेतकूट ही सोय सगळीकडे झाली.

प्रत्यक्षात ही आखणी कितपत टिकली तेही सांगणे योग्य ठरेल. नारकंडा, सांगला, कल्पा हे दिवस ठरल्याप्रमाणे गेले. तरांडा देवीच्या मंदिराशी सगळ्याच गाड्या थांबतात, तशी आमचीही थांबली. तिथून पुढे रस्ता कड्यात कोरलेला आहे आणि डोक्यावर खडकाचे छत आहे. ताबोचा लांब दिवस मलिंगपाशी रस्ता मोकळा करणाऱ्या यंत्रामुळे आणखी लांबला, पण दोन्ही मुलांनी नाकोला पोटभर जेवून झोप काढलेली असल्याने तो निभावला. ताबोचा मठ ९९६ साली स्थापन झालेला. आतल्या भिंतींवरची चित्रे पाहताना धाकटा नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प होता आणि मला ते कौतुकाचे वाटले. बाहेर आल्यावर कळले की तो मनाशी तेव्हापासून किती पिढ्या झाल्या ते मोजत होता.

काझ्यात पहिल्या संध्याकाळी त्याचे डोके दुखू लागले. दर संध्याकाळी आम्ही दोघांना तेच प्रश्न विचारत असू: डोके कसे आहे, जेवण गेले का, काल झोप लागली का. मुले त्रास लपवतात, आपल्यामुळे सहल बुडेल या भीतीने, म्हणून खरे सांगणाऱ्यावर कोणीही चिडणार नाही असे आधीच कबूल केलेले होते. त्याने स्वतःहून सांगितले. ओकारी नव्हती, चाल सरळ होती. गाडीही केव्हाच थांबलेली होती, त्यामुळे हे गाडी लागणे नव्हे हेही उघड होते. डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे पाणी, विश्रांती आणि दुसऱ्या दिवशी वर न जाणे एवढेच करायचे होते. रिकामा ठेवलेला दिवस इथे कामी आला. तो दिवस बाजारात, नदीकाठी आणि पत्ते खेळण्यात गेला. तिसऱ्या दिवशी डोके उतरलेले होते आणि त्याच्या यादीप्रमाणे लांगझा, हिक्किम झाले. त्यांच्या शेजारचे कोमिक गाव मात्र आम्ही सोडले, कारण ते साडेचार हजारांच्याही वर आहे आणि त्या दिवसासाठी तेवढी उंची पुरेशी झाली होती.

उतरताना उंचीचा नियम लागू नसतो, फक्त तासांचा असतो, त्यामुळे परतीचे मुक्काम वेगळे धरले होते. शेवटचा टप्पा थोरलीच्या वाट्याचा होता. तिने सिमला ते कालका ही ९६ किलोमीटरांची छोटी रेल्वे निवडली, जी १९०३ साली सुरू झाली आणि २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. मोटारीने हाच टप्पा निम्म्या वेळात झाला असता, हे तिच्या बाबांनी सिमल्याच्या फलाटावरही एकदा ऐकवले. सामान घेऊन चालक रस्त्याने पुढे गेले आणि कालक्याच्या स्थानकाबाहेर आमची वाट पाहत उभे होते. दरडीमुळे एखादा दिवस वाया गेलाच तर हाताशी असावा, म्हणून विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे काढले होते. तो दिवस उरला, आणि चंदीगडला मुलांनी तो दुपारपर्यंत झोपून संपवला.